बेत वैशाखातला, माळ दिवाळीची

धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत एका मित्राच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. कुरिअरचा पोरगा मोटारसायकलवरून आला, पाठीवरची भली मोठी काळी पिशवी पायरीवर टेकवली आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "काका, ओटीपी सांगा." ओटीपी सांगितला, खोकं हातात पडलं. आत दिव्यांची माळ. मित्राच्या नातीनं परवा रात्री मोबाइलवर मागवलेली.

मित्राचं घराणं मोंढ्यातलं. दोन पिढ्यांची आडत. नात माळ सोडवत बसली, आणि हा पट्ठ्या खोकं उलटं करून त्यावरची पांढरी चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचायला लागला. आयातदार : भिवंडी, जिल्हा ठाणे. मूळ देश : चीन. आयातीचा महिना : ऑगस्ट. मग बोटं मोजली आणि म्हणाला, "माळ दोन दिवसांत आली म्हणून पोरं खूश. पण हा माल ऑगस्टपासून पडून आहे. तेव्हापासून कुणाचे तरी पैसे अडकलेत की रे."

ऑनलाइन विक्रीबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं ते या आडत्यानं. आपल्याला दिसतो तो शेवटचा दोन दिवसांचा प्रवास. त्याआधीच्या पाच महिन्यांत कुणीतरी अंदाज बांधलेला असतो, पैसे गुंतवलेले असतात आणि वाट पाहिलेली असते. या धंद्याचं खरं कसब वेगात नाही, त्या वाट पाहण्यात आहे. आणि ती वाट कोण पाहतो, कुणाच्या व्याजावर पाहतो, हाच या प्रकरणाचा विषय.

सेलूला हे गणित नवं नाही. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास या भागात आली आणि कापसाचा व्यापार तिच्या कडेनं वाढला. सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या आणि गाडीत चढवायच्या. पण रूळ मीटरगेज, आणि मनमाडला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा रुंद रूळ. म्हणजे मनमाडला प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. हमालांची पाठ, पावसाळ्यात ताडपत्री, एखादी गाठ फाटलेली, एखादी गहाळ. मग मुंबई, आणि तिथून आगबोट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून निघणाऱ्या हिंदी कापसाचं जपानच्या गिरण्या हे मोठं गिऱ्हाईक होतं. परदेशाशी जोडलेली पुरवठ्याची साखळी सेलूच्या दारात आली ती मोबाइलबरोबर नव्हे, वाफेच्या इंजिनाबरोबर.

फरक इतकाच की तेव्हा माल इथून बाहेर जायचा आणि भाव बाहेरून यायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडता-मिटताचे भाव तारेनं मुंबईला यायचे, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. मटक्याचा उगम तिथला. आमच्या भागातल्या किती घरांची धूळधाण झाली त्या आकड्यानं, तो विषय वेगळा. पण दूर कुठंतरी ठरलेला आकडा आपल्या गावातल्या मालाची किंमत ठरवतो, हे मोंढ्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता माळेकडे येऊ.

चीनच्या जच्यांग प्रांतात यीवू नावाचं शहर आहे. तिथल्या घाऊक बाजारात पाऊण लाखाच्या आसपास गाळे आहेत. बटणं, कंगवे, छत्र्या, खेळणी, नाताळची सजावट, दिव्यांच्या माळा. आपल्याकडच्या दिवाळीच्या माळेचा बेत तिथं वैशाखात, म्हणजे मे महिन्यात सुरू होतो. भिवंडीचा आयातदार नमुने मागवतो, दर ठरवतो आणि जूनच्या सुरुवातीला मागणी नोंदवतो. मालाच्या किमतीच्या तीस टक्के आगाऊ आणि उरलेले सत्तर टक्के माल जहाजावर चढायच्या आधी, अशी तिकडे सर्रास रीत आहे. कारखान्याला महिनाभर लागतो. मग निंगबो बंदरापर्यंत ट्रक, तिथून न्हावाशेवापर्यंत समुद्रातून सुमारे तीन आठवडे, कस्टममधून सुटायला काही दिवस, भिवंडीत उतरवून मोजणी, आणि नवरात्रातल्या सेलआधी विक्रीच्या मोठ्या गोदामात दाखल. सगळं मिळून अडीच-तीन महिने. या काळाला धंद्यात लीड टाइम म्हणतात.

किती मागवायच्या? रोज खपणाऱ्या वस्तूचा हिशेब त्यामानानं सरळ असतो. समजा मोबाइलची कव्हरं दिवसाला ४० खपतात आणि नवा माल यायला ७५ दिवस लागतात. म्हणजे गोदामात ३००० कव्हरं उरली की नवी मागणी गेलीच पाहिजे. पण खप एखाद्या महिन्यात दिवसाला ५५ वर गेला आणि जहाजाला उशीर होऊन ९० दिवस लागले, तर ४९५० लागतील. मधला १९५० चा फरक हा राखीव साठा. वाण्याच्या दुकानात पोत्याच्या तळाशी चार पायली गहू कायम राहतो ना, तोच हा. त्याला हात लावायचा नाही असं नाही, पण हात लागला की घंटा वाजली पाहिजे. लीड टाइम जितका लांब आणि जितका बेभरवशाचा, तितकी ही राखीव रास मोठी. परदेशातला माल स्वस्त दिसतो, पण स्वस्ताईतला एक वाटा या राशीवरचं व्याज खातं.

दिवाळीच्या माळेला हे गणित चालत नाही. ती एकदाच विकायची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिला कोण विचारतो? वर्तमानपत्र विकणाऱ्या पोराचा प्रश्न तोच : सकाळी किती अंक उचलू? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जाणार, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा प्रश्न त्या पोराच्याच नावानं ओळखला जातो, आणि त्याचं उत्तर इतकं देखणं आहे की इथं मांडल्यावाचून राहवत नाही.

समजा माळ गोदामात येईपर्यंत ९० रुपयांना पडते. संकेतस्थळाचं कमिशन वगैरे वजा जाता विकून १७० हाती येतात. दिवाळीनंतर उरलेली माळ फुंकून टाकली तर ५० येतात. म्हणजे एक माळ कमी पडली की ८० रुपयांचा नफा बुडाला आणि एक जास्त झाली की ४० रुपयांचा फटका. ८० आणि ४० यांची बेरीज १२०, त्यात ८० चा वाटा दोन तृतीयांश. तर उत्तर असं : इतक्याच माळा मागवा की तीन दिवाळ्यांपैकी दोन दिवाळ्यांना सगळी मागणी पुरी होईल आणि तिसऱ्या दिवाळीला माल कमी पडेल. कमी पडणं ही चूक नव्हे, तोच हिशेब आहे. 'आउट ऑफ स्टॉक' वाचून आपण चिडतो तेव्हा अनेकदा समोरच्याचं गणित चुकलेलं नसतं, बरोबर आलेलं असतं.

आता या हिशेबात मागणीचा अंदाज कुठून आणायचा? मागच्या वर्षीच्या विक्रीवरून. आणि इथं संगणकाची एक गंमत होते. तो इंग्रजी तारखांनी विचार करतो आणि दिवाळी पंचांगानं येते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. मध्ये अधिक श्रावण आला होता. मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात काय खपलं ते पाहून या वर्षीच्या त्याच आठवड्याचा अंदाज केला तर गोदामात माळा आणि गिऱ्हाईक अजून खरेदीला बाहेर पडलेलंच नाही, अशी गत. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या अंदाजाच्या कोष्टकात आता सणांचा रकाना वेगळा असतो. दाते पंचांग भिंतीला टांगलेल्या आपल्या किराणा दुकानदाराला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

गंमत तिकडेही आहे. चिनी नववर्षाला तिथले कारखाने दोन-तीन आठवडे थंडावतात, कामगार गावी जातात. तो सणही चंद्राच्या हिशेबानं. २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला, २०२५ मध्ये २९ जानेवारीला. त्यांच्याही पंचांगात अधिक महिना आहे. भिवंडीच्या आयातदाराला दोन देशांचे चंद्र सांभाळावे लागतात.

मनमाडच्या हमालांसारखं काम जगभरातल्या बंदरांतून संपवलं ते एका पत्र्याच्या पेटीनं. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूआर्कहून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघालं. माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला. माल ट्रकमधून उतरवून जहाजात एकेक डाग चढवण्यापेक्षा ट्रकचं खोकंच उचलून जहाजावर का ठेवू नये, हा त्याचा साधा सवाल. सुटा माल चढवायला त्या वेळी टनामागे पाच डॉलरहून जास्त खर्च यायचा. पेटीत घातल्यावर तो सोळा सेंटांच्या आत आला. वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. ज्याचा माल तेवढा नाही तो चार जणांबरोबर कंटेनर वाटून घेतो, वडाप जीपमध्ये सीट वाटून घेतात तसा. आणि वडापसारखंच, जीप भरेपर्यंत थांबावंही लागतं.

न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आज तिथून वर्षाला सत्तर लाखांहून जास्त कंटेनर जातात-येतात, वीस फुटी मापानं मोजले तर. इथं माळेची खरी किंमत ठरते. समजा भाडं-विमा धरून माळेची किंमत ६५ रुपये झाली आणि सीमाशुल्क २० टक्के असलं, तर १३ रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, १ रुपया ३० पैसे. झाले ७९.३०. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, १४ रुपये २७ पैसे. हा शेवटचा कर पुढं विक्रीच्या करातून वळता होतो, पण तोवर पैसा आपलाच अडकतो. बंदराचा खर्च, कस्टम एजंटाची फी, भिवंडीपर्यंतचा ट्रक हे सगळं माळेमागे दहा-अकरा रुपये धरलं की ९० चा आकडा जुळला. कागदपत्रं आता संगणकावर जातात, आणि २०२० पासून ती तपासणारा अधिकारी न्हावाशेवालाच असेल असं नाही. तो दुसऱ्याच शहरातल्या कस्टम कार्यालयात बसलेला असू शकतो. अधिकारी आणि एजंट यांची तोंडओळखच राहू नये, हा त्यातला हेतू.

कागदात चूक झाली की मात्र घड्याळ सुरू होतं. ठरावीक मोफत दिवसांनंतर बंदरात जागा अडवल्याचे पैसे वेगळे आणि जहाज कंपनीची पेटी अडकवून ठेवल्याचे वेगळे. नियम बदलला तरी तीच गत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं होतं आणि २०२३ मध्ये ते ७० झालं. ज्यांचा धंदा यीवूच्या खेळण्यांवर उभा होता त्यांना माल बदलावा लागला किंवा देशी कारखानदार शोधावे लागले. समुद्र शांत असला तरी राजपत्र खवळलेलं असू शकतं.

भिवंडीचं नाव चिठ्ठीवर उगाच नाही. यंत्रमागांचं हे गाव. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, नाशिक महामार्गालगत आणि न्हावाशेवापासून एका टप्प्यावर. मुंबईत माल नेला की जकात, म्हणून तो हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. माणकोली, काल्हेर, पूर्णा, पडघा या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी पत्र्याची गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मग भिवंडीही संपेल असं काहींना वाटलं. झालं उलटंच. आधी प्रत्येक राज्यात विक्रीकर वाचवायला छोटं छोटं गोदाम ठेवावं लागे. ते बंद करून कंपन्यांनी मोक्याच्या ठिकाणी मोठी गोदामं घेतली, आणि मोक्याच्या ठिकाणांत भिवंडी पहिल्या रांगेत.

या नव्या गोदामांत शिरलं की जुन्या गोदामवाल्याला घेरी येईल. त्याच्या डोक्यात शिस्त म्हणजे साखरेजवळ साखर, तेलाजवळ तेल. इथं एका खणात दिव्यांची माळ, तिच्याशेजारी शाम्पू, त्यावर इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणि मागे कुत्र्याचा पट्टा. माल येईल तसा जिथं जागा रिकामी तिथं ठेवायचा, फक्त ठेवताना वस्तूचा आणि खणाचा बारकोड यंत्राला दाखवायचा. ॲमेझॉननं जगभर रुळवलेली ही पद्धत. तिचे दोन फायदे. एक, जागा वाया जात नाही. दुसरा जरा बारकाईनं पाहिल्यावर कळतो : एकसारख्या दोन वस्तू शेजारी नसल्या की निळ्याऐवजी जांभळी माळ उचलण्याची चूकच होत नाही. शिवाय एकच वस्तू दहा ठिकाणी पसरलेली असल्यानं उचलणाऱ्याला जवळचा खण मिळतो. आमच्या आजीचं फडताळ असंच होतं. हिंगाशेजारी सुईदोरा आणि त्यामागे मनीऑर्डरच्या पावत्या. तिचं तिला बरोब्बर सापडायचं. ती गेली आणि फडताळाचं ज्ञानही गेलं. गोदामातही संगणक बंद पडला तर लाखो वस्तू डोळ्यांसमोर असून हरवलेल्या असतात.

या सगळ्याचा पाया तो काळ्या रेघांचा ठसा. २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमच्या पुड्यावरचा बारकोड पहिल्यांदा यंत्रानं वाचला. किंमत ६७ सेंट.

तर मग भिवंडीच्या गोदामात पडलेली ती माळ कुणाची? बहुतेकांना वाटतं, ज्या ॲपवर मागवली त्या कंपनीची. तसं नसतं, निदान कागदावर तरी. ज्या विक्रीमंचांत परकीय गुंतवणूक आहे त्यांना भारतात स्वतःचा माल साठवून थेट गिऱ्हाइकाला विकायची परवानगी नाही. त्यांनी फक्त बाजार भरवायचा, गाळे इतरांनी लावायचे. १ फेब्रुवारी २०१९ पासून हा नियम आणखी आवळला गेला : एखादा विक्रेता पंचवीस टक्क्यांहून जास्त खरेदी त्या मंचाकडून किंवा त्याच्या गटातल्या कंपन्यांकडून करत असेल, तर तो माल मंचाचाच समजला जाईल.

म्हणजे मंच हा बाजार समितीसारखा. जागा त्याची, काटा त्याचा, फी त्याची. माल आणि मालाची जोखीम मात्र गाळेवाल्याची. विक्रेता आपल्या माळा मंचाच्या गोदामात ठेवतो आणि त्याचं भाडं भरतो. माल फार दिवस पडला तर भाडं चढतं. विकली गेली तर गिऱ्हाइकाचे पैसे आधी मंचाकडे जमा होतात, कमिशन कापून काही दिवसांनी विक्रेत्याला मिळतात. यीवूला आगाऊ रक्कम जूनमध्ये गेली, आणि पैसे परततात कार्तिकात. त्या पाच महिन्यांचं व्याज भरतो भिवंडीच्या गाळ्यातला आयातदार, ज्याचं नाव आपण कधी वाचलेलंही नसतं. माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "आमच्याकडं हेच काम कापूसवाला करतो."

पोतराज पाहिलाय ना? मनगट हलतं चार बोटं आणि आसुडाचं टोक कडाडून जातं. मागणीचंही असंच होतं. समजा, सेलूत एका आठवड्यात माळा दहा टक्के जास्त खपल्या. विक्रेता म्हणतो, या वर्षी जोर दिसतोय, आणि वीस टक्के वाढवून मागवतो. आयातदाराला वाटतं, पुन्हा मिळेल न मिळेल, म्हणून चाळीस. कारखानदार वायर आणि प्लास्टिक दुप्पट भरून ठेवतो. पुढच्या वर्षी सगळ्यांचीच गोदामं तुंबलेली आणि महिनोन्‌महिने मागणी शून्य. एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात ही लाट गणितानं दाखवली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला ती लहान मुलांच्या डायपरमध्ये आढळली. बाळं तर दरमहा सारख्याच संख्येनं डायपर वापरतात, तरी कारखान्याकडच्या मागण्या हेलकावे का खातात? कारण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस गिऱ्हाइकाकडे पाहत नाही, आपल्या पुढच्या माणसाच्या मागणीकडे पाहतो आणि वर थोडी भीती मिसळतो. उपाय एकच : सेलूत खरंच किती खपलं हा आकडा साखळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत थेट जाऊ द्यायचा. मंचांकडे तो आकडा असतो. ते तो किती आणि कुणाला दाखवतात, हे त्यांच्या मर्जीवर.

कधीकधी आसूड भलतीकडून बसतो. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस अडकून राहिलं. निंगबोहून न्हावाशेवाला येणारी जहाजं सुएझमधून जातच नाहीत. मग आपल्याला काय त्याचं? पण कंटेनर ही फिरती भांडी आहेत. युरोपला गेलेल्या पेट्या रिकाम्या होऊन वेळेवर परतल्या नाहीत की चीनच्या बंदरात पेट्यांचा तुटवडा पडतो, आणि भाडं सगळ्याच मार्गांवर चढतं. लग्नसराईत एका गावात भांडी अडकली की दुसऱ्या गावची पंगत खोळंबते, तसं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपची फेरी दहा-पंधरा दिवसांनी लांबली. पुन्हा तेच.

बंदरापर्यंतची वाट सोपी करायला मराठवाड्याच्या बाजूनं एक प्रयत्न झाला. २०१५ च्या डिसेंबरात जालन्याजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. कस्टमचं काम बंदराऐवजी जालन्यातच उरकायचं, सीलबंद कंटेनर रेल्वेनं न्हावाशेवाला न्यायचा, अशी कल्पना. कल्पना चांगली, काम मात्र रेंगाळत राहिलं. सेलूहून जालना रेल्वेनं फार लांब नाही. रुईच्या गाठी तिथूनच परदेशी जाऊ लागल्या तर मनमाडच्या हमालांच्या काळापासूनचा एक घोळ संपेल.

आता शेवटचे दोन दिवस, जे आपल्याला दिसतात. नातीनं बटण दाबलं, भिवंडीत माळ खणातून निघाली, खोक्यावर पत्ता चिकटला. पत्ता काय? मारुती मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याला कळतो पिनकोड : ४३१५०३. ही सहा आकड्यांची रचना संस्कृत पंडित आणि टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. पत्रांसाठी केलेली ही सोय, आणि आज अब्जावधींचा ऑनलाइन व्यापार तिच्यावरच चालतो. सेलूकरांना तर ती जास्तच मोलाची, कारण महाराष्ट्रात दुसरं सेलू आहे, वर्धा जिल्ह्यात. पिनकोड चुकला की माळ विदर्भात.

रात्रीचा ट्रक छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रावर, तिथं पिनकोडनुसार वाटणी, पहाटे दुसऱ्या गाडीनं सेलू, आणि दुपारी तो पोरगा ओट्यावर. फ्लिपकार्टनं २०१० मध्ये 'माल हाती आल्यावर पैसे' ही सोय दिली आणि छोट्या गावांचा ऑनलाइन खरेदीवर भरवसा बसला. पण तिचीच दुसरी बाजू अशी की दारात आलेला माल नको म्हणायला काहीच लागत नाही. "घरी कुणी नाही", "पोरानं उगीच मागवलं". माळ आल्या वाटेनं परत जाते आणि भाऊबीज उलटल्यावर भिवंडीत पोचते. ९० ची माळ ५० ची होते, आणि जाण्या-येण्याचा भुर्दंड बहुतेक वेळा विक्रेत्याच्याच माथी.

उलट दिशेची साखळीही सेलूत चालूच आहे. दिवाळीच्या आसपासच मोंढ्यात कापूस येतो. साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ बनते. ती गिरणीत जाते, काही सूत-रुई बांगलादेशला, आणि त्यातलाच एखादा धागा टी-शर्ट होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत, बारकोड लावून, त्याच काळ्या पिशवीतून परत येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. म्हणजे त्या वर्षी ऐन हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क. टी-शर्टवाल्याची वाट थोडी सोपी झाली, सेलूच्या शेतकऱ्याची अवघड.

आवेष्टित वस्तूंच्या कायद्यानं आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि महिना-वर्ष छापणं बंधनकारक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मूळ देश मागवण्याआधी संकेतस्थळावरही दिसला पाहिजे. पुढच्या वेळी खोकं आलं की फेकण्याआधी ती पांढरी चिठ्ठी वाचा. छापलेला महिना आणि आजची तारीख यांत किती महिने उलटले ते मोजा. माझ्या मित्रानं ते बोटांवर मोजले होते.